गुडघ्याच्या ऑपरेशनच्या नावाखाली ६,०३० डॉलर गेले: परदेशातल्या ‘पॅकेज’चे पैसे भरण्याआधी वाचा

परदेशात स्वस्तात गुडघा बदलून देतो म्हणणाऱ्या एका दलालाने मला ६,०३० डॉलरना बुडवलं. आगाऊ रक्कम २,३४०, इम्प्लांटचे (बसवायच्या कृत्रिम सांध्याचे) १,१५०, ‘परत मिळणारी’ व्हिसा अनामत १,९०० आणि वाया गेलेलं विमानाचं तिकीट ६४०. आकडे मुद्दाम सुटे लिहितेय. हे लोक सगळी रक्कम एकदम कधीच मागत नाहीत.

एवढी शिकलेली असून फसलीस कशी, असं मला विचारतात. रात्री कूस बदलताना ज्याचा गुडघा जीव काढतो त्याने हे विचारावं. मला बरीच वर्षं आमवात आहे. विमा नाही, कारण आजार आधीपासूनचा म्हटलं की अर्ज फेटाळतात, नाहीतर नेमका तोच आजार वगळून पॉलिसी देतात. उजव्या गुडघ्यातली कूर्चा संपलीय, हाडावर हाड घासतंय. जवळच्या हॉस्पिटलने सांगितलेला खर्च मला झेपणारा नव्हता. बाहेरच्या देशात ऑपरेशन करून नीट चालत परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणजे माझा विचार काही वेडगळ नव्हता. हॉस्पिटल खरं होतं, ज्याचं नाव दिलं तो सर्जनही खरा होता. खोटा होता तो मधला माणूस.

७,८०० डॉलरमध्ये ऑपरेशन, इम्प्लांट, फिजिओथेरपी, हॉटेल, सगळं. दलालाच्या वेबसाइटवर हॉस्पिटलचे फोटो आणि जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचं सोनेरी चिन्ह. त्यांचा कोऑर्डिनेटर आपल्याच भाषेत बोलायचा. ‘ताई, तुम्ही फक्त रिपोर्ट पाठवा, बाकी माझ्यावर सोडा.’ मी रिपोर्ट पाठवले, पासपोर्टची प्रतही पाठवली. (पासपोर्टची प्रत दलालाला कधीही देऊ नका. माझी अजून त्यांच्याकडे आहे आणि ती कुठे वापरली जाईल या विचाराने झोप उडते.)

आता त्या व्हिडिओ कॉलबद्दल. अजून डोक्यातून जात नाही तो. ‘सर्जन’ टोपी आणि मास्क घालूनच बसला होता. दोन ऑपरेशनांच्या मध्ये वेळ काढलाय म्हणाला. मला उलट कौतुक वाटलं, एवढा व्यग्र माणूस आपल्याशी बोलतोय म्हणून. चेहरा वेबसाइटवरच्या फोटोशी जुळतो का, हे पाहायची सोयच त्याने ठेवली नव्हती. पण मास्क राहू द्या, त्याने विचारलं काय? वय, वजन, साखर. बस्स. मी मेथोट्रेक्सेट घेते, बायोलॉजिकचं इंजेक्शन घेते (दोन्ही आमवातावरची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं), हे रिपोर्टमध्ये ठळक लिहिलेलं होतं. आमवाताच्या रुग्णाचा सांधा बदलताना मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात, पण बायोलॉजिक थांबवून त्या इंजेक्शनच्या चक्राप्रमाणे ऑपरेशनची तारीख ठरवतात, कारण जंतुसंसर्गाची भीती असते. त्याने तारीख आधी दिली, इंजेक्शनचा विषयच काढला नाही. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून भूल देण्याआधी मान तपासतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. मानेचा शब्दही नाही. उभं राहून काढलेला गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा मागितला नाही. हे सगळं मला माहीत होतं! इतकी वर्षं डॉक्टरांकडे जाऊन जाऊन पाठ झालंय. तिथे फोन ठेवायला हवा होता. पण दुखणाऱ्या माणसाला तारीख मिळाली की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

बिलावर हॉस्पिटलचं नाव, खातं मात्र तिसऱ्याच देशातल्या एका ट्रेडिंग कंपनीचं. ‘ताई, परकीय चलनाचं खातं वेगळं असतं.’ नसतं असं. हॉस्पिटल स्वतःच्याच नावाने पैसे घेतं. शक्यतो तिथल्या कॅशियरकडे भरा, कार्डाने भरा. कार्डाच्या व्यवहारावर मुदतीत हरकत घेता येते. वायरने, म्हणजे बँकेतून थेट परदेशी खात्यात, गेलेले पैसे सहसा समोरच्या बँकेने आणि खातेदाराने मान्य केलं तरच परत येतात, आणि चोर कशाला मान्य करेल?

१,१५० डॉलर ‘चांगल्या प्रतीच्या’ इम्प्लांटसाठी घेतले. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, काही नाही. हा तपशील लेखी मागा आणि ऑपरेशननंतर लॉट नंबरचे स्टिकर आपल्या कागदांत घ्या. २०१० मध्ये डेप्यू कंपनीने खुब्याचे एएसआर इम्प्लांट जगभरातून परत मागवले, तेव्हा कोणाच्या शरीरात काय बसवलंय हे शोधायला याच नोंदी लागल्या.

तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, तेव्हा मी हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधून त्यांच्या आंतरराष्ट्रीय रुग्ण विभागाला फोन केला. माझ्या नावाची नोंद नाही, असा कोऑर्डिनेटर नाही, व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र त्यांचं नाही. हा एक फोन पहिला पैसा भरण्याआधी करा. दलालाने दिलेल्या नंबरवर नव्हे.

आणि मग सुरू झाले सरकारी दरवाजे. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमचीच सही आहे. मी जबरदस्तीने पाठवले असं कुठे म्हणतेय? सायबर विभागाने पोलीस ठाण्यात पाठवलं. ठाण्यात म्हणाले, गुन्हा परदेशात घडलाय, दूतावासाला कळवा. दूतावासाने लिहिलं, हा खासगी व्यवहार आहे. एका अधिकाऱ्याने तर कागद बाजूला सारून विचारलं, ‘इथे डॉक्टर नाहीत का?’ काठी टेकत जिने चढून गेलेल्या बाईला हा प्रश्न! हॉस्पिटलने सहानुभूतीचा मेल पाठवला आणि आमचंही नाव वापरलं गेलंय म्हणून हात वर केले. त्यांचं नाव आणि सर्जनचा फोटो वापरणारी ती वेबसाइट आजही चालू आहे. ती बंद करायला कोणालाच वेळ नाही. माझ्या तक्रारीची पोच मात्र सगळ्यांनी दिली.

चिन्हावर जाऊ नका. ते कोणीही चिकटवू शकतं. मान्यता जॉइंट कमिशन इंटरनॅशनलच्या स्वतःच्या यादीत बघा, सर्जनची नोंदणी त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे बघा. आणि सांधा बदलल्यावर लगेच लांबचा विमानप्रवास करवतो म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहा. पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो.

तक्रारीनंतर आणखी एकाचा फोन आला. तुमचे पैसे अडकलेत, ४५० डॉलर फी भरा, सोडवून देतो म्हणाला. माझी नेमकी रक्कम त्याला माहीत होती. ती त्याला कोणी सांगितली असेल हे तुम्हीच ओळखा. असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. नंबर लिहून घ्या आणि तक्रारीला जोडा.