"निवड झालेली विद्यार्थिनी" म्हणून माझा फोटो लावलाय, आणि माझे १,२२,२०० रुपये गेलेत

मागच्या मंगळवारी मामेबहिणीने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. "ताई, ही तूच ना? अभिनंदन गं, सांगितलंस पण नाही!" पुण्यातल्या कुठल्याशा गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक डिप्लोमाची जाहिरात. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली पाच मुलामुलींचे फोटो, "आमचे निवड झालेले विद्यार्थी". त्यातला दुसरा फोटो माझा. पांढरा ॲप्रन, हातात ब्रश, ग्लासावरचे ठसे उचलतेय.

माझी निवड कुठेही झालेली नाही. मी सध्या गावात अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते आणि अण्णांनी पतसंस्थेतून काढलेले पैसे फेडते. इतके महिने लाजेने गप्प होते, विचारलं की "रिझल्ट यायचाय" म्हणून वेळ मारून नेत होते. ज्या संस्थेने मला फसवलं तिचं आता नाव नवीन, पत्ता नवीन, चेहरा मात्र माझा.

आधी हिशोब. नोंदणी १,५००. प्रवेश ४५,०००. दुसरा हप्ता ४०,०००. "फॉरेन्सिक किट" ६,५००. परीक्षा फी ४,२००. इंटर्नशिपची "परत मिळणारी" अनामत २५,०००. एकूण १,२२,२००. कॉट बेसिसचं भाडं आणि मेस धरलेली नाही, ते धरलं की रात्री झोप लागत नाही.

"शिकलेली मुलगी अशी कशी फसली" हे मी खूप ऐकलंय, म्हणून सांगते. मी वेंधळी नाही. बीएस्सी केमिस्ट्रीला ७८ टक्के आहेत. गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा मी दिली होती, थोडक्यात हुकली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजे फॉरेन्सिक) संस्था आहेत हेही माहीत होतं. पण एक वर्ष वाया घालवायचं नव्हतं, घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि तेव्हाच याच लोकांची जुन्या नावाची जाहिरात समोर आली. ऑगस्ट २०२४.

तिथल्या काउन्सेलर मॅडम पहिल्या मिनिटापासून "बेटा" म्हणत होत्या. त्यांनी सांगितलेलं निम्मं खरं होतं, तिथेच मी अडकले. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले, हे खरं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, हेही खरं. "म्हणजे बघ बेटा, प्रत्येक तालुक्याला माणसं लागणार, आणि डिप्लोमावाले आहेतच किती?" ते कलम मी वाचलं सगळं संपल्यावर. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७६, उपकलम ३. त्यातच लिहिलंय की ही सक्ती राज्य सरकार पाच वर्षांच्या आत जी तारीख अधिसूचित करेल तेव्हापासून. कलम मोबाइलवर फुकट मिळतं. दहा ओळी आहेत. मी ब्रोशर चाळीस वेळा वाचलं आणि कलम एकदाही नाही.

ब्रोशरवर "शासन नोंदणीकृत". होती नोंदणी, लघुउद्योगाची. तशी पिठाच्या गिरणीचीही असते. नोंदणी आणि मान्यता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डिप्लोमा म्हणे परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाशी "संलग्न". विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २००३ च्या नियमांप्रमाणे खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेताच येत नाहीत. असं कुणी म्हणालं की तिथूनच मागे फिरा, चहासुद्धा पिऊ नका.

नावातसुद्धा घोळ होता, "गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक". न्यायवैद्यक हे डॉक्टरांचं क्षेत्र, शवविच्छेदन वगैरे. प्रयोगशाळेतलं ते न्यायसहायक विज्ञान. आणि गुन्हेशास्त्र तिसरंच, माणूस गुन्हा का करतो, शिक्षेने काय होतं, तुरुंगातून सुटलेल्याचं पुढे काय. ते खरंच शिकायचं असेल तर मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. तिन्ही एका पिशवीत कोंबून विकणाऱ्याला तिन्हींतलं काही येत नसतं.

आलंच नाही काही. ठसे घ्यायला छपाईची काळी शाई लागते, आम्हाला स्टँप पॅड दिलं. ६,५०० च्या किटमध्ये एक भिंग, दोन ब्रश, रबरी हातमोजे आणि बिनलेबलची पांढरी पावडर, जिला चक्क टाल्कमचा वास. मी केमिस्ट्रीची! वास घेतला आणि गप्प बसले. तेव्हाच कुणीतरी माझा फोटो काढला.

शिकवणारा एकच बरा होता, कायद्याचा विद्यार्थी, तासाच्या पैशावर येणारा. (त्याचेही पैसे बुडाले, नंतर कळलं.) त्याने कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांची १९७९ ची मांडणी शिकवली. गुन्हा घडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. तयारीतला गुन्हेगार, सोयीचं सावज, आणि राखण करणारं कुणी नसणं. माझ्या वहीत हे माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारलेल्या.

पण राखण करणारं एक माणूस होतं. ते मार्चमधलं संध्याकाळचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही.

मी गावी आले होते. इंटर्नशिपचं पत्र आलं होतं. "सहायक फॉरेन्सिक अधिकारी (प्रशिक्षणार्थी)", वर मुद्रा, खाली सही आणि शिक्का, २५,००० सात दिवसांत भरा. आईने पत्र देवापुढे ठेवलं. अण्णा एसटीत एकतीस वर्षं वाहक होते. त्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, याच्यावर जावक नंबर नाही."

मी म्हटलं, असेल कुठेतरी.

"कुठे? आमच्याकडे साधी रजा नामंजूर केली तरी कागदावर जावक नंबर आणि तारीख असते. हा नोकरीचा कागद, आणि नंबर नाही?"

आणि मी म्हणाले, "अण्णा, आता सगळं डिजिटल असतं. तुम्हाला नाही कळायचं."

अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत गेले. पैसे मी यूपीआयने पाठवले, संस्थेच्या नाही, एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. स्क्रीनवर नाव स्पष्ट दिसत होतं. पाच सेकंद थांबले, मग पिन टाकला. पत्रातला ईमेलही जीमेलचा होता. सगळं डोळ्यांसमोर होतं हो.

इंटर्नशिप एप्रिलची मे झाली. मॅडम रोज फोन उचलायच्या, "बेटा, फाइल वर गेलीय." अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच लिहून ठेवलंय की ठगांच्या टोळीत एक जण लुटलेल्या माणसाला गार करायला मागे ठेवतात, त्याने आरडाओरडा करू नये म्हणून. मेच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसला कुलूप, मॅडमचा फोन बंद. वॉचमन म्हणाला, टेबल-खुर्च्यासुद्धा भाड्याच्या होत्या.

पुढचं गार करण्याचं काम मग सरकारी पगारावर झालं. पुण्यातलं पोलीस ठाणं म्हणालं, पैसे गावाच्या खात्यातून गेले, तिकडे द्या. गावचं ठाणं म्हणालं, घटना पुण्याची. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, त्याच संहितेचं कलम १७३, असं मी म्हटल्यावर साहेब हसले. "ताई, एवढं येतं तर फसलात कशाला?" एक म्हणाले हा दिवाणी मामला, वकील करा. आर्थिक गुन्ह्यांच्या विभागात सांगितलं, रक्कम लहान आहे. लहान! अण्णांच्या किती महिन्यांच्या पेन्शनला लहान म्हणतात ते विचारायला हवं होतं. एका हेल्पलाइनवर कळलं की मी फी "स्वखुशीने" भरली. दिल्लीच्या एका कार्यालयाला तीन ईमेल केले, तीन वेळा "आपला ईमेल मिळाला" असं यंत्राने उत्तर दिलं. साक्षीदार, पावत्या, व्यवहार क्रमांक, सगळं फाइल करून नेलं होतं. फाइल उघडलीसुद्धा नाही कुणी. तुमच्यावर वेळ आली आणि ठाण्यात घेतलंच नाही, तर पोलीस अधीक्षकांना (शहरात असाल तर आयुक्तांना) लेखी पाठवा, टपालाची पावती जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी त्याच टप्प्यावर आहे.

एकच उत्तर नीट आलं, माहिती अधिकारातलं. "सदर संस्थेस या कार्यालयाने कोणतीही मान्यता दिलेली नाही." अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागला. हा अर्ज पैसे भरायच्या आधी करायचा असतो.

आणि सगळ्यात जास्त जळतं ते हे की मला या डिप्लोमाची गरजच नव्हती. पीएसआयला कुठलीही पदवी चालते, एमपीएससी द्यावी लागते. सीबीआयच्या उपनिरीक्षकासाठी केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) सीजीएल परीक्षा, तिथेही कुठलीही पदवी. पोलीस शिपाई बारावीवर. प्रयोगशाळेतल्या जागांना विज्ञानाची पदवी, ती माझ्याकडे होतीच. "खासगी गुप्तहेराचं सरकारी लायसन्स" मिळवून देऊ म्हणणारेही भेटतील. तसलं लायसन्सच नाही, २००७ मध्ये राज्यसभेत आलेल्या विधेयकाचा कायदा झालाच नाही. पावतीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळवून बघा. भिंतीवरचा निवृत्त अधिकाऱ्याचा फोटो म्हणजे फक्त फीत कापल्याचा पुरावा.

परवा नवीन जाहिरात, माझ्या फोटोसकट, छापून ठाण्यात नेली. या वेळी अण्णा बरोबर होते. अंमलदाराने अर्ज घेतला, माझ्या प्रतीवर नुसता शिक्का मारला आणि म्हणाला, "या तुम्ही, नंबर नंतर पडेल."

अण्णा बाकावर बसले. "नंबर पडू द्या," म्हणाले, "मग उठतो."

साडेतीनला बसलो होतो. पाच चाळीसला आवक क्रमांक पडला. अण्णांनी तो दोनदा वाचला, तिकिटं पंच करायच्या यंत्राच्या जुन्या पाकिटात प्रत घातली आणि मग आम्ही स्टँडवर आलो.