महापालिकेची अवजड यंत्रं लष्करी तळावर: पाचपैकी चार तारे

अमेरिकेतल्या एका लष्करी तळावर मी मुलकी कर्मचारी आहे. आतले रस्ते, गटारं आणि पथदिवे माझ्या ताब्यात. पूर्वी आम्ही जेटिंग-सक्शन गाडी, म्हणजे जोराच्या पाण्याने गटार मोकळं करून गाळ ओढून घेणारी गाडी, खाजगी कंत्राटदाराकडून मागवायचो. आता शेजारच्या शहराशी करार आहे. गाडी त्यांची, ऑपरेटरही त्यांचाच, झालेल्या कामाचे पैसे आम्ही देतो.

खरा फरक पडतो तो ऑपरेटरमुळे. बरॅकमागची गटाराची एक लाइन सारखी तुंबायची. कंत्राटदाराची माणसं दर खेपेला नवी. जोरात पाणी मारायची आणि निघून जायची. शहराच्या ऑपरेटरने मॅनहोलचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि साधं नोझल काढून मुळं कापणारं लावलं. होज परत ओढला तेव्हा बरोबर मुळांचे झुपकेच्या झुपके बाहेर आले. शहरातली गटारं रोज बघणाऱ्या माणसाला ते लगेच कळलं.

कायद्यातही हेच धरलेलं आहे. २०१३ पासून तळाला निविदा न काढता स्थानिक सरकारशी थेट करार करता येतो, पण ती सेवा शहर आधीपासून स्वतःसाठी चालवत असलं पाहिजे. म्हणजे करार मिळवण्यासाठी कुणी नवी गाडी घेऊन उभं राहू शकत नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे शहराने याआधीच, १९९८ पासून, तिथल्या लष्करी छावणीची देखभाल हाती घेतली होती. लष्कराच्याच लेखापरीक्षणात २००० साली पूर्वीच्या तुलनेत ४१ टक्के बचत दिसली.

रस्ते झाडणारा स्वीपर आणि माणसाला उंच खांबापर्यंत नेणारा बकेट ट्रक यांबद्दल तक्रार नाही. दिव्याच्या खांबांची कामं वेळेवर होतात.

एक तारा कापला तो वादळामुळे. झाडं आडवी झाली तेव्हा शहराने लोडर आधी आपल्या रस्त्यांवर लावले आणि आमचं मागचं गेट बंदच राहिलं. त्यांना दोष देववत नाही, लोक त्यांचेच. पण गेट अडलं की रुग्णवाहिकाही अडते, आणि करारात आणीबाणीचा क्रम लिहिलेलाच नव्हता.

करार करणार असाल तर वादळात कोणतं यंत्र किती तासांत आणि कोणत्या गेटवर येणार, हे त्यात नावानिशी लिहून घ्या. दर तासावर असेल तर इंजिनाचे तास मोजायचे की पंपाचे, तेही ठरवा. गाडी गेटवर तपासणीत उभी असतानाही इंजिन चालूच असतं. आणि बदली ऑपरेटरचे पास आधीच काढून ठेवा. नेहमीचा माणूस रजेवर गेला की बिनपासाच्या माणसाला पहारेकरी आत सोडत नाहीत, आणि सोडूही नये.