दुसरी बाजू आधी लावा : केट बुशची ‘हाउंड्स ऑफ लव्ह’, एलपीवर

ही रेकॉर्ड लावण्याआधी कूलर बंद करा. नागपुरात मे महिन्यात असं सांगणं म्हणजे घरात भांडण ओढवून घेणं आहे, पण इलाज नाही. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नुसत्या पियानोवर आणि जवळजवळ कुजबुजीत सुरू होतं. कूलरच्या घरघरीत त्यातलं निम्मं ऐकूच येत नाही. मी रात्री अकरानंतर लावतो. सक्करदऱ्याची रहदारी तोवर बसलेली असते आणि गोडाऊनच्या भिंतींनी दिवसभर खाल्लेलं ऊन थोडंफार बाहेर टाकलेलं असतं.

माझा धंदा साउंडचा. लग्न, गणपती, नवरात्र, शाळांची गॅदरिंगं, कधी वसंतराव देशपांडे सभागृहात नाटकवाल्यांना जास्तीचे माइक लागले तर तेही. त्यामुळे हे परीक्षण संगीत कळणाऱ्याचं नाही, माइक लावणाऱ्याचं आहे. ज्यांना सूर-तालाची चर्चा हवी, त्यांनी दुसरीकडे बघावं.

आधी मालाबद्दल. मूळ अल्बम केट बुश या इंग्लिश गायिकेचा, १६ सप्टेंबर १९८५चा. माझ्याकडची प्रत २०१८ साली नव्यानं मास्टर करून निघालेल्या आवृत्तीतली, बाईंच्या स्वतःच्या ‘फिश पीपल’ लेबलची. बाहेरून मागवावी लागते, म्हणून किंमत तीन हजारांच्या आसपास गेली. कुरिअरवाल्यानं कव्हरचा एक कोपरा दुमडून दिला, पण तबकडी सपाट निघाली, आणि उन्हाळ्यात पार्सलच्या गाडीतून आलेली तबकडी सपाट निघणं हेच मोठं. कव्हरवर केट बुश दोन कुत्र्यांना कुशीत घेऊन पहुडलेली. फोटो तिच्याच भावानं काढलेला. दाबणी चांगली आहे, करकर कमी, खर्जाला जोर आहे पण तो अंगावर येत नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, लेबलजवळच्या आतल्या रेघांत, ‘स’ आणि ‘श’ थोडे खरखरतात. सुई जुनी असेल तर जास्तच. एलपी या प्रकाराचाच तो दोष आहे, तिथं प्रत बदलून मागण्यात अर्थ नाही.

पहिल्या बाजूवर पाच गाणी. त्यातलं पहिलं आता सगळ्यांना पाठ आहे, ‘रनिंग अप दॅट हिल’. १९८५ मध्ये ते इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं होतं. २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. बाई तेव्हा ६३ वर्षांच्या. गाण्याची मूळ ओळ, ती हुंकारासारखी वर-खाली होणारी, ती फेअरलाइट नावाच्या यंत्रावरची आहे. ऑस्ट्रेलियात बनलेलं हे यंत्र कुठलाही आवाज आत घेऊन पट्ट्यांवर वाजवू द्यायचं, आणि त्या काळी त्याच्या किमतीत लोक घरं घेत. ड्रम सरळ, घट्ट, आणि झांजांचा चुरचुराट नाहीच म्हटलं तरी चालेल. आमच्या धंद्यात वरच्या पट्टीतला हा चुरचुराट म्हणजे रोजची डोकेदुखी. तो काढून टाकला की माणसाच्या आवाजाला किती जागा मिळते, हे मला या गाण्यानं शिकवलं. ‘क्लाउडबस्टिंग’मध्ये पाऊस पाडणाऱ्या यंत्राची आणि ते बनवणाऱ्या बापाची गोष्ट त्याचा मुलगा सांगतो. खाली तंतुवाद्यं पलटणीच्या चालीनं चालतात. पारा पंचेचाळीसवर गेला की हे गाणं इथं नुसतं गाणं राहत नाही, अर्ज होतो. मधली दोन-तीन गाणी चांगली आहेत. ‘द बिग स्काय’ मला शेवटी फार भरलेलं वाटतं. कुणीतरी मिक्सरचे सगळे फेडर वर ढकलून चहाला गेल्यासारखं.

पण पैसे वसूल होतात ते दुसऱ्या बाजूवर. म्हणून सांगतो, पहिल्यांदा ऐकत असाल तर तीच आधी लावा. पहिल्या गाण्याची कीर्ती डोक्यात घेऊन बसलात तर या बाजूला तुम्ही थकलेले पोचाल.

‘द नाइन्थ वेव्ह’ या नावाखाली सात गाण्यांची ही एकच गोष्ट आहे. एक बाई रात्री समुद्रात पडली आहे. अंगात लाइफ जॅकेट, त्यावर मिणमिणता दिवा, आणि झोप लागू द्यायची नाही, झोपलं की संपलं. देशाच्या मधोमध, झीरो माइलच्या गावात राहणाऱ्या माणसाला याचं काय कळणार, असं मलाही वाटायचं. आमचा समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव. पण समुद्र इथं लाटांच्या आवाजानं येतच नाही, म्हणजे जिथं दुसऱ्या कुणी पहिल्याच मिनिटाला खळखळाट भरला असता तिथं हिनं शांतता ठेवली आहे. दुसऱ्या गाण्यात बर्फ येतो तो फक्त तंतुवाद्यांच्या टोकदार तुकड्यांतून.

तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला अनेक माणसं तिला उठवत असतात, कुणी प्रेमानं, कुणी वैतागून. त्यात तिच्या घरातलेच काही आवाज आहेत. मग तिचा आवाज असा तुटायला लागतो की साउंडवाला माणूस आपसूक उठून केबल बघतो. मी बघितली आहे. पिन सैल झाली की माइक जसा शब्दाचे तुकडे करतो, अगदी तसा आवाज, आणि हा मुद्दाम केलेला. जी चूक झाली की आमचा मुलगा मंडपभर शिव्या खातो, ती हिनं बुडणाऱ्या बाईचा श्वास दाखवायला वापरली. पुढं बाई घरी पोचते, पण भुतासारखी. घरचे वाट बघत बसलेत, तिला कुणी बघू शकत नाही. ते गाणं अंधारात एकट्यानं ऐकू नका, किंवा एकट्यानंच ऐका. त्यानंतर आयरिश वाद्यांचा धिंगाणा येतो. तो मला वर्षभर खटकायचा, अजूनही थोडा खटकतो. मग ‘हॅलो अर्थ’, त्यात मध्येच सगळं थांबून पुरुषांचा समूहस्वर येतो. जॉर्जिया देशातलं लोकगीत आहे ते. चांगला स्पीकर असेल तर इथं छातीत कळतं, वाईट असेल तर नुसती गुणगुण. स्पीकर तपासायला मी आता हाच तुकडा लावतो, गिऱ्हाइकाला न सांगता.

हे सगळं कुणी केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. याआधीचा ‘द ड्रीमिंग’ (१९८२) तिनं स्वतः प्रोड्यूस केला होता. तो कमी खपला आणि भाड्याच्या स्टुडिओंचा खर्च फार झाला. दुसऱ्या कुणी कंपनीच्या सांगण्यावरून एखादा नावाजलेला निर्माता घेतला असता. हिनं आईवडिलांच्या शेतघराच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभा केला आणि हा अल्बम पुन्हा स्वतःच प्रोड्यूस केला. घड्याळ आता तिचं होतं. अल्बम आला तेव्हा त्यानं इंग्लंडच्या यादीत मडोनाला पहिल्या नंबरावरून खाली उतरवलं.

भाची इंजिनिअरिंगला आहे. मालिका बघून ती एक दिवस गोडाऊनवर आली आणि मोबाइल माझ्या कानाला लावला. मी पुढची ओळ म्हटली.

“मामा, हे तू कधीपासून ऐकून राहिला?”

“तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून. कॅसेट होती.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

आता तिचं टोळकं अधूनमधून येतं. स्पीकरच्या खोक्यांवर बसतात आणि रेकॉर्ड उलटायला कुणी उठायचं यावर वाद घालतात. एकानं लॅपटॉपवर फेअरलाइटची नक्कल करणारं सॉफ्टवेअर टाकलंय. एक मुलगी लाल झगा घालून आली. केट बुशच्या अगदी पहिल्या गाजलेल्या गाण्याच्या, ‘वदरिंग हाइट्स’च्या, व्हिडिओत तसा झगा आहे आणि जगभर तिचे चाहते तो घालून मैदानात जमतात, सगळे मिळून तोच नाच करतात, त्यात मिशावालेही असतात. आमच्या गल्लीत मात्र शेजारच्या काकूंनी विचारलं, नाटकाची तालीम आहे का. मी हो म्हटलं.

या पोरांना तिचं वेगळेपण आवडतं. एकोणीस वर्षांची असताना, कंपनी दुसरं गाणं पुढं करत असताना, हट्टानं ‘वदरिंग हाइट्स’ काढायला लावणं, आणि १९७८ मध्ये स्वतः लिहिलेल्या गाण्यानं इंग्लंडच्या पहिल्या नंबरावर जाणारी पहिली बाई होणं. मलाही ते आवडतं. पण माझी भक्ती दुसऱ्या गोष्टीवर बसली आहे.

१९७९च्या दौऱ्यात तिला गाता गाता नाचायचं होतं, हात मोकळे हवे होते. तसा माइक तेव्हा बाजारात नव्हता. तिच्या साउंड इंजिनिअरनं कपडे अडकवायच्या हँगरची तार वाकवून तोंडापुढं माइक बसवला. आज लग्नात अँकर मुलगी गालाशी चिकटलेला माइक घेऊन टेबलांमधून फिरते तेव्हा मला ती तार आठवते. त्याच दौऱ्याच्या सुरुवातीला, पूल शहरातल्या कार्यक्रमानंतर, बिल डफील्ड नावाचा २१ वर्षांचा प्रकाशयोजनेचा मुलगा पडून गेला. तिनं लंडनमध्ये त्याच्या नावानं मदतीचा कार्यक्रम केला. १९८०च्या अल्बममध्ये त्याच्यासाठी एक गाणं आहे, आणि १९९३च्या एका गाण्यात ती त्याचं नाव पुन्हा घेते. चौदा वर्षांनी. मंडपाच्या शिडीवर चढणाऱ्या पोराचं नाव आमच्याकडे कार्यक्रम संपल्यावर बिलावरही नसतं. किशोरीताई आमोणकर ध्वनिव्यवस्थेबद्दल किती काटेकोर होत्या याच्या गोष्टी आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्या सांगताना जुने लोक तक्रारही करतात आणि मान ताठही करतात. आवाज म्हणजे काय हे ज्या कलावंताला कळतं, त्याच्यासमोर केबल टाकायलाही बरं वाटतं.

दौऱ्यानंतर ती ३५ वर्षं असा कार्यक्रम घेऊन मंचावर आली नाही. २०१४ साली लंडनला २२ प्रयोग केले, तिकिटं पंधरा मिनिटांत संपली. मोबाइल खाली ठेवा, अशी तिनं आधीच विनंती केली होती. त्या प्रयोगांत ही दुसरी बाजू अख्खी होती. बुडणाऱ्या बाईचा भाग चित्रित करायला ती टाकीतल्या पाण्यात तासन्‌तास तरंगत गायली आणि तिला थंडी बाधली. स्टुडिओत गाऊन वर पाण्याचा आवाज टाकता आला असता. मी तर तसाच टाकला असता आणि बिल पूर्ण लावलं असतं.

घ्यायची असेल तर दोन-चार गोष्टी. मोबाइलवर सगळा अल्बम ऐकायला मिळतो, आवाजही स्वच्छ. पण तिथं पाचवं गाणं संपताच समुद्र सुरू होतो, मध्ये उठून तबकडी उलटायचा अवकाश मिळत नाही, आणि तो हवाच. तबकडी उभी ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून कधीच नको, एप्रिलपर्यंत तिची पोळी होईल. छोट्या ब्लूटूथ डब्यावर ही दुसरी बाजू वाया जाते, बरे हेडफोन जास्त उपयोगाचे. पूर्ण अल्बम पाऊण तासाहून थोडा मोठा आहे, तेवढ्यात जेवणाची घाई आणू नका.

आवडली तर पुढं ‘द ड्रीमिंग’ घ्या, ती जास्त अवघड आहे. नाही आवडली तर कोपरा न दुमडलेली प्रत मला विका. भाचीला स्वतःची हवी आहे, आणि माझी मी देणार नाही.