होम केअर एजन्सीचा अनुभव (कोथरूड, एकटी राहणारी आत्या)

आधी निकाल सांगते, पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो बदली बाईच्या गोंधळासाठी, ते खाली येईलच. एजन्सी छोटी आहे, एका रिटायर्ड सिस्टरनी सुरू केलेली, लहानसं ऑफिस आणि मोजक्या बायका. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तक्रारपण लिहायचीय आणि एका घराच्या अनुभवावरून कुणाच्या पोटावर पाय यायला नको. पण ज्यांचे आईवडील किंवा काका-आत्या पुण्यात एकटे राहतात आणि आपण वाकड-हिंजवडीला नाहीतर पार बाहेरगावी, त्यांना माणूस ठेवताना काय बघायचं ह्याचा अंदाज यावा म्हणून लांबलचक लिहितेय.

आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही, आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, डहाणूकर कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, लिफ्ट नाही. २०२४ च्या सुरुवातीला बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. सगळ्यांचे सल्ले सुरू, भाचीकडे राहायला जा, फ्लॅट विकून टाक वगैरे. पाषाणला अथश्री आहे ज्येष्ठांसाठीची सोसायटी, ती आम्ही बघूनही आलो, चांगली आहे, पण आत्याचं एकच, माझं घर आहे आणि मी इथेच राहणार, मला फक्त थोडा आधार लागतो. तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं. प्रश्न एवढाच की "थोडा आधार" विकत कुठे मिळतो?

कारण मिळतो तो बहुतेक ठिकाणी बारा तासांचा नाहीतर चोवीस तासांचा. आधी दुसऱ्या एका ब्युरोतून बारा तासांची बाई घेतली होती. बाई स्वभावाने खूप चांगली, कामाला वाघ, पण तिला शिकवलेलंच असं की पेशंटला हलू द्यायचं नाही. "आजी तुम्ही बसा, मी आहे ना." पाणी हातात, जेवण हातात, अंघोळ तिने घालायची, केससुद्धा तिनेच विंचरायचे, आत्या सकाळी खुर्चीत बसली की दुपारपर्यंत तिथेच. येणारेजाणारे म्हणायचे किती छान सेवा करतेय. आणि महिन्याभराने फिजिओ आला तर म्हणाला डिस्चार्जच्या वेळी होती त्यापेक्षा मांड्यांची ताकद कमी झालीय. ह्या वयात स्नायू वापरले नाहीत तर फार झपाट्याने जातात आणि जे थोड्या दिवसांत गेलं ते परत आणायला महिनेच्या महिने लागतात. ब्युरोला फोन केला तर उत्तर मिळालं की मॅडम, पेशंट पडला तर जबाबदारी कोणाची, म्हणून आम्ही बसवूनच ठेवायला सांगतो. मला ते उत्तर अजून आठवलं की राग येतो. पडू नये म्हणून बसवून ठेवायचं, बसून बसून पाय गेले की मग खरंच पडणार, आणि मग बारा तासांचे चोवीस तास होणार.

मग ही एजन्सी सापडली, फिजिओनेच नंबर दिला. सिस्टर स्वतः घरी आल्या आणि बऱ्याच वेळ बसल्या. मला पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे त्या माझ्याशी नाही तर आत्याशी बोलल्या. मी मध्ये उत्तर द्यायला गेले तर हाताने थांबवलं मला. "बाई, दिवसभरातली कुठली कामं तुमची तुम्हालाच करायचीयत?" असं विचारलं. आत्या म्हणाली चहा माझा मी करणार, पूजा माझी मी करणार, भाजी मी निवडणार, पेपर वाचणार आणि संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसायचंय. भीती कशाची तर अंघोळीची आणि जिन्याची. सिस्टरनी कागदावर तीन रकाने पाडले, स्वतः करणार, कुणीतरी जवळ उभं राहिलं तर करणार, आणि मदत लागणार. सगळी कामं त्या तीन रकान्यांत भरली आणि आत्याची सही घेतली, माझी नाही. माझ्या मते अख्ख्या सर्व्हिसचा जीव त्या कागदात आहे.

त्यानंतर घर बघितलं. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून आत्या उठायची, त्या म्हणाल्या ही माणसाच्या वजनासाठी नसतेच, निघून हातात येईल, इथे भिंतीत बोल्ट मारून ग्रॅब बार बसवा, आणि उंची आत्याला तिथे उभं करून ठरवली. कमोडवर उंच सीट, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर खाली बसणं टाळायचं. पायपुसणी काढा, नाहीतर खालून रबर असलेली आणा. स्वयंपाकघरात रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, म्हणजे वाकायला नको आणि स्टुलावर चढायला तर अजिबात नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा छोटा दिवा. वॉकरची उंचीसुद्धा चुकीची निघाली, हात सरळ खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी, आत्याचा दोन खाचा उंच होता आणि म्हणूनच तिचे खांदे दुखत होते, आम्ही उगाच बाम लावत होतो. अजून एक सांगितलं, झोपेतून एकदम उठायचं नाही, पलंगाच्या कडेला पाय सोडून एकदोन मिनिटं बसायचं आणि मग उभं राहायचं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्याबरोबर बीपी खाली येऊन चक्कर येऊ शकते. ह्या सगळ्याला फार खर्च आला नाही, आणि तुम्ही कुठलीच एजन्सी लावली नाहीत तरी एवढं करून घ्याच.

आता रोजचं. सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते सात, एवढ्याच वेळेसाठी एक ताई येतात. अंघोळीला आत्या स्वतः जाते, दार नुसतं लोटलेलं, ताई बाहेर उभ्या, पाठ चोळायला फक्त आत. चहा आत्या करते, दोघींचा. पहिले काही दिवस दूध उतू गेलं, ताईंनी ओटा पुसला पण पातेलं हातातून घेतलं नाही, हे मी स्वतः बघितलंय आणि तिथेच मला कळलं की माणूस बरोबर मिळालाय. जिन्यासाठी पद्धत ठरलेली, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि ताई कायम आत्याच्या खालच्या बाजूच्या पायरीवर. पहिल्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवायला सोसायटीने परवानगी दिली, एका मेंबरने कुरकुर केली पण झालं. आधी गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत. आता मेथीची जुडी आत्या स्वतः निवडून आणते आणि भाव पण करते.

औषधांचा डबा, ते आठवड्याच्या वारांचे कप्पेवाला, रविवारी आत्याच भरते, ताई फक्त शेजारी बसून बघतात की कुठला कप्पा चुकला नाही ना. इंजेक्शन, नळी, ड्रेसिंग ह्यातलं काही ताई करत नाहीत आणि एजन्सी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते, लागलं तर नर्स वेगळी आणि तिचे पैसे वेगळे. हे नीट समजून घ्या कारण बऱ्याच ठिकाणी साध्या अटेंडंटला नर्स म्हणून पाठवतात. जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कोर्स तीन वर्षांचा असतो, एएनएमचा (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, ते बिनधास्त मागा, खऱ्या नर्सला ते दाखवायला काही वाटत नाही.

पैसे. आम्ही दोन्ही फेऱ्यांचे मिळून रोज ५०० देतो, आधीचा ब्युरो बारा तासांचे ८०० घ्यायचा. म्हणजे तासाचा हिशेब केलात तर ही एजन्सी महाग आहे हे खरं, पण आम्हाला बारा तास नकोच होते. त्यातले ताईंना किती मिळतात हे मी विचारलं आणि सिस्टरनी न चिडता सांगितलं, ३८०. इतर ठिकाणी हा प्रश्न विचारला की विषय बदलतात. एक महिन्याचं डिपॉझिट आहे, आणि ताईंना परस्पर कामावर ठेवायचं नाही अशी अट, सही करण्याआधी वाचा. अजून एक अट आहे जी मला फार आवडली, ताईंचा चहाचा कप वेगळा ठेवायचा नाही आणि घरातला संडास वापरायला मनाई करायची नाही. असं लेखी घ्यावं लागतं ह्याची लाज वाटली मला, पण लागतं. जी बाई आपल्या माणसाला अंघोळीला हात देते तिला वेगळा कप देणारी घरं पुण्यात अजून आहेत.

आता तक्रार. ताई रजेवर गेल्या की बदली येते आणि तिला काही म्हणजे काहीच माहीत नसतं. गणपतीत ताई गावाला गेल्या तेव्हा जी आली तिने आत्याला थेट खुर्चीत बसवलं, आणि उठवताना दंडाला धरून ओढलं. म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून कधीच ओढू नये, खांदा निखळू शकतो. आत्याने तिला तिथल्या तिथे सुनावलं, पण जिला बोलता येत नाही किंवा विसरायला होतं अशा पेशंटचं काय? तो तीन रकान्यांचा कागद ऑफिसच्या फाइलमध्ये होता, घरात नव्हताच. मी भांडून त्याची कॉपी फ्रिजवर लावून घेतली. तरी दिवाळीत परत तेच, नवीन बाई, कागद न वाचताच कामाला लागली. एवढी चांगली पद्धत बसवायची आणि ती एकाच ताईच्या डोक्यात ठेवायची हे मला अजिबात पटत नाही, सिस्टरना तसं तोंडावर सांगितलंय.

दुसरी छोटी तक्रार होती, ती मिटली. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट यायचा आणि सोबत आत्याचे फोटो, जेवताना, चालताना. अमेरिकेतल्या माझ्या चुलतभावाला ते आवडायचं, आत्याला नाही. मला विचारलं का कुणी, म्हणाली. त्याच दिवशी फोटो बंद झाले, आता नुसते दोन ओळींचे मेसेज येतात आणि ते आत्या आधी वाचते.

आणि हेही सांगायला हवं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ताई त्याच बाजूला राहतात, त्यांच्या घरातही शिरलं. त्या दिवशी सकाळी सिस्टर स्वतः रेनकोट घालून आत्याकडे हजर. ताईंना सुट्टीचे पैसे तर दिलेच, वर अ‍ॅडव्हान्सही दिला. म्हणून तक्रार असूनही मी एजन्सी बदललेली नाही.

जे एजन्सी करत नाही ते सांगते. रात्री आत्या एकटीच असते. शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे, मोबाइल उशाशी, त्यात १०८ आणि ११२ सेव्ह केलेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, पण ती सकाळी ८ ते रात्री ८, रात्रीच्या इमर्जन्सीसाठी नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आता जिना उतरायला लागत नाही, पोस्टमन घरी येऊन बोटाचा ठसा घेऊन जातो. ७० च्या पुढच्यांना बँकांनी घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितलंय, शाखेत जाऊन आग्रह धरा. आणि ७० च्या वरच्यांचं ५ लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे ते हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाल्यावर कामाला येतं, घरी येणाऱ्या ताईंचे पैसे त्यातून मिळत नाहीत, बरेच जण तसं समजून चाललेत.

मागच्या आठवड्यात सिस्टर रिव्ह्यूला आल्या होत्या. आत्याला खुर्चीतून उठून चालून परत येऊन बसायला लावलं, वेळ बघितली, आणि स्वतःच म्हणाल्या की संध्याकाळची फेरी आता रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे, बाकी दिवशी आत्या शेजारच्या काकूंबरोबर खाली जाईल. बिल कमी होणार हे माहीत असून सांगितलं. ताईंचे ते तास जवळच्या दुसऱ्या घरी लावून दिलेत, म्हणजे त्यांचं नुकसान नाही. सकाळची फेरी चालू राहणार, अंघोळीच्या वेळी हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं असं आत्याचंही म्हणणं आहे.