स्मरणशक्तीची चाचणी: मिनी-कॉग, एमएमएसई की मोका?

वडील तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारू लागले की घरात चाचणीचा विषय निघतो, आणि ही तीन नावं कानावर येतात. तिन्हींत काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात. शब्द किती आणि आठवले नाहीत तर पुढे काय, हे मात्र वेगळं.

मिनी-कॉग तीनेक मिनिटांत उरकते. तीन शब्द, मध्ये घड्याळाचं चित्र काढायचं, मग तेच शब्द. पाचपैकी तीनपेक्षा कमी गुण म्हणजे पुढे तपासा, एवढंच. चाळणी म्हणून उत्तम.

एमएमएसई १९७५ सालची. तीस गुणांपैकी दहा वार, तारीख, ठिकाण यांना आणि शब्द आठवण्याला फक्त तीन. त्यामुळे शिकलेला माणूस २८ गुण मिळवतो, घरचे निर्धास्त होतात आणि विसरणं चालूच राहतं. सुरुवातीच्या तक्रारीसाठी मी ही निवडणार नाही.

मोका २००५ची, तीसच गुणांची, दहा-पंधरा मिनिटांची. इथे पाच शब्द, ते साधारण पाच मिनिटांनी विचारतात. आठवलं नाही तर 'ते एक फूल होतं' असं सुचवतात, तरी नाही तर पर्याय देतात. सुचवल्यावर आलेल्या शब्दाला गुण नाही, पण खरी माहिती तिथेच असते. सुचवताच आठवलं तर शब्द डोक्यात होता, फक्त सापडत नव्हता. नैराश्यात किंवा लक्ष नसताना असं होऊ शकतं. पर्यायांतूनही ओळखता आला नाही, तर तो बहुधा साठलाच नव्हता, आणि ही जास्त काळजीची गोष्ट. म्हणून डॉक्टरांना नुसती बेरीज विचारू नका, सुचवल्यावर किती शब्द आठवले हेही विचारा.

मोकाची अडचण शिक्षणाची. बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, पण ज्यांनी हातात पेन्सिल क्वचितच धरली त्यांना घनाकृती काढायला लावून तो एक गुण कितीसा पुरणार? अशांसाठी अक्षरओळखीवर न विसंबणारी चाचणी मागा.

कोणतीही निवडा, कानातलं यंत्र आणि चष्मा सोबत हवा. शब्द ऐकूच आला नाही तर तपासणी कानाची होते. ताप किंवा इस्पितळातला मुक्काम नुकताच संपला असेल तर थांबा. आणि घरी शब्द पाठ करून घेऊ नका. बाबा पास होतील, पण तपासणी वाया जाईल.