कडक पट्टा की मऊ?

साताऱ्यात समुद्र नाही, त्यामुळे स्कूबाचा हार्नेस, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचा सिलिंडर पाठीवर बांधायचे पट्टे, घरी गच्चीवरच घालून बघावा लागतो. आई म्हणाली, "दप्तर घेतलंस का रे नवीन?" कडक आणि मऊ, दोन्ही पट्टे नायलॉनचे, ५० मिलिमीटर रुंद. फरक सगळा विणीत.

कडक पट्टा पहिल्यांदा अंगाला लावला की नको वाटतो. तारकर्लीच्या कोमट पाण्यात आपण पातळ टी-शर्टवर उतरतो, तेव्हा त्याची कड मानेजवळ आणि काखेत अशी काचते की संध्याकाळी तिथे लाल वळ दिसतात. पण त्याचा गुणही त्या ताठपणातच आहे. खांद्यावरची कमान तशीच उभी राहते, त्यामुळे पाण्यात एक हात बाहेर काढून परत घालायचा झाला तर चाचपडावं लागत नाही. डी-रिंग, म्हणजे सामान अडकवायची डी आकाराची कडी, जिथे लावली तिथेच सापडते.

मऊ पट्टा अंगाला छान बसतो, पण सैल पडला की लोळागोळा होतो, आणि बकलांतून सरकतोही लवकर. बोटीतून एक-दोनदाच उतरणाऱ्याला चालून जाईल.

मापाचं म्हणाल तर बहुतेकांची चूक एकच: घट्ट आवळणं. सिलिंडर बांधून उभं राहा. खांद्याच्या पट्ट्याखाली तळहात सहज सरकला पाहिजे. डायव्हिंगचा जाड सूट घालणार असाल तर पुन्हा माप घ्या. काचतंय म्हणून मी पट्टा बदलायला निघालो होतो. दोन इंच सैल केल्यावर निम्मं दुखणं गेलं.

मी कडकच ठेवला. आत पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, घालतो.