आवक इथे, जावक भलतीकडे: लिंकन यांच्या ऑनलाइन दफ्तराचा आढावा

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना सेनेटर राष्ट्राध्यक्षाला काय लिहितो आणि राष्ट्राध्यक्ष त्याला काय सुनावतो, हे कुणा चरित्रकाराच्या मध्यस्थीशिवाय वाचायचं असेल, तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने इंटरनेटवर ठेवलेलं अब्राहम लिंकन यांचं दफ्तर उघडावं. सुमारे ४०,५५० कागद, तेही रंगीत प्रतिमांसह. पैसे पडत नाहीत, खातं काढावं लागत नाही, आणि हवी ती पानं उतरवून घेता येतात. फक्त एक गोष्ट आधी माहीत नसेल तर तासाभरात माणूस वैतागतो: हे मुख्यतः आवक दफ्तर आहे. लिंकन यांना आलेली पत्रं इथे ढिगाने आहेत, पण त्यांनी पाठवलेली ज्याची त्याच्याकडे गेली. इथे उरले ते त्यांचे कच्चे मसुदे आणि ठेवून घेतलेल्या नकला, त्याही प्रत्येक पत्राच्या नाहीत.

दफ्तराचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण तो वाचनाच्या कामी येतो. लिंकन यांचे चिरंजीव रॉबर्ट टॉड लिंकन यांनी हे कागद १९१९ मध्ये लायब्ररीत ठेवले आणि १९२३ मध्ये रीतसर देऊन टाकले. अट एकच होती, आपल्या मृत्यूनंतर २१ वर्षं कुणालाही दाखवायचे नाहीत. ते २६ जुलै १९२६ रोजी वारले, त्यामुळे कुलूप निघालं ते २६ जुलै १९४७ रोजी. लिंकन यांचे दोन सचिव, जॉन निकोले आणि जॉन हे, यांना मात्र आपला चरित्रग्रंथ लिहिताना हे कागद वापरायला मिळाले होते. इंटरनेटवर फुकट मिळणारी लिंकन यांची जुनी चरित्रं बहुतेक १९४७ च्या आधीची आहेत. त्यांतला एखादा लेखक अमुक सेनेटरने राष्ट्राध्यक्षाला असं असं लिहिलं म्हणून सांगत असेल, तर त्याने ते पत्र पाहिलेलं असण्याची शक्यता कमीच.

सेवा कशी चालते हे एकाच प्रकरणावर घासून पाहिलेलं बरं. त्यासाठी इलिनॉयचे सेनेटर ऑरव्हिल ब्राउनिंग यांच्यासारखा गिऱ्हाईक नाही. लिंकन यांचे जुने स्नेही, जन्माने तेही केंटकीचेच. जून १८६१ मध्ये सेनेटर स्टीफन डग्लस वारले आणि त्यांच्या जागी ब्राउनिंग यांची नेमणूक झाली. ३० ऑगस्टला उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्या फौजेतल्या जनरल फ्रेमाँट यांनी मिसूरीत जाहीरनामा काढला: लष्करी कायदा लागू, आणि हत्यार उचललेल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ६ ऑगस्टला केलेला जप्तीचा कायदा इतका पुढे गेलेला नव्हता. बंडाच्या लष्करी कामाला जुंपलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क तेवढा त्याने बुडत होता. लिंकन यांनी २ सप्टेंबरला फ्रेमाँट यांना कायद्याच्या चौकटीत या म्हणून सौम्यपणे लिहिलं. त्यांनी ऐकलं नाही, उलट पत्नी जेसी यांना वॉशिंग्टनला धाडलं. शेवटी ११ सप्टेंबरला लिंकन यांनी उघड हुकूम काढून जाहीरनामा बदलायला लावला. इकडे ब्राउनिंग क्विन्सीला होते, मिसिसिपीच्या काठावर. पलीकडच्या तीरावर मिसूरी. त्यांनी १७ तारखेला राष्ट्राध्यक्षांना नाराजीचं पत्र लिहिलं.

ते पत्र सापडतं कसं? शोधपेटीत नुसतं 'ब्राउनिंग' टाकू नका, भलतेसलते शेकडो कागद समोर येतात. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव टाका आणि डावीकडच्या चाळणीत वर्ष निवडा. दफ्तराच्या मालिका वेगवेगळ्या आहेत: पहिलीत १८३३ ते १९१६, दुसरीत १८५८ ते १८६४, तिसरीत १८३७ ते १८९७ असा पत्रव्यवहार, आणि चौथीत नंतर मिळालेली भर. काळ एकमेकांवर चढलेले असल्यामुळे एकाच मालिकेत शोधून 'नाही' म्हणणं ही हमखास होणारी चूक. प्रत्येक कागदाच्या मथळ्यात पाठवणारा, घेणारा, वार, तारीख आणि बहुधा कंसात विषय असतो. मथळ्यातला वार उपयोगाचा आहे. पत्रात 'गेल्या गुरुवारी' असं आलं की कॅलेंडर उघडावं लागत नाही. फ्रेमाँट यांच्या नावातल्या 'ई'वर फ्रेंच धर्तीची मात्रा आहे, ती पत्र लिहिणारे सहसा देत नाहीत आणि मथळा लिहिणारे देतात. शोध मात्रेसह आणि मात्रेशिवाय, दोन्ही तऱ्हेने करून पाहावा.

आता जावक. १७ सप्टेंबरचं पत्र उघडलं की साहजिकच उत्तर पाहावंसं वाटतं, आणि इथे वाट अडते. उत्तरासाठी मिशिगन विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेल्या लिंकन यांच्या समग्र लेखनाकडे वळायचं. रॉय बासलर यांनी संपादलेले हे ८ खंड १९५३ मध्ये निघाले, सूची नंतर आली. तिथेही पैसे लागत नाहीत, आणि सगळा मजकूर टाइप केलेला असल्यामुळे शब्दाने शोध लागतो. २२ सप्टेंबर १८६१ चं उत्तर चौथ्या खंडात आहे. खंडात प्रत्येक पत्राखालची बारीक टीप वाचायची सवय लावून घ्या, कारण ती दोन दफ्तरांमधला पूल आहे. 'एएलएस' म्हणजे संपूर्ण स्वहस्ते लिहून सही केलेलं पत्र. नुसतं 'एलएस' असेल तर अक्षर कारकुनाचं, सही तेवढी लिंकन यांची. 'डीएफ' दिसलं की मसुदा, म्हणजे पत्र त्याच शब्दांत रवाना झालं असेलच असं नाही. 'डीएलसी-आरटीएल' दिसलं की तो कागद रॉबर्ट लिंकन यांच्या संग्रहातला, म्हणजे आधीच्या साइटवर मिळणारा. उत्तराच्या टिपेत मूळ पत्राची तारीख असते. ती उचलायची आणि आवकमध्ये शोधायची. उलट दिशेने जाण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

एवढी यातायात करावी का? या एका उत्तरासाठी तरी जरूर. 'खासगी व गोपनीय' असं डोक्यावर लिहून लिंकन सुरुवातीलाच सांगतात की तुमचं १७ तारखेचं पत्र आत्ताच मिळालं, आणि तुमच्याकडून असं यावं याचं आश्चर्य वाटतं. जो कायदा करायला तुम्हीच हातभार लावलात, महिनाही झाला नव्हता तो माझ्यासमोर ठेवून, त्याला मी धरून राहिलो म्हणून तुमचीच हरकत? पुढे दाखला शेताचा. सेनापतीला छावणीसाठी कुणाचं शेत लागलं तर गरज असेपर्यंत त्याने ते घ्यावं. पण शेत यापुढे मालकाचं किंवा त्याच्या वारसांचं कधीच नाही, असं जाहीर करणं हा लष्करी निर्णय नव्हे, निव्वळ राजकीय. गुलामांच्या बाबतीतही तेच. सेनापती असो की राष्ट्राध्यक्ष, जाहीरनाम्याने मालमत्तेचे कायमचे नियम करू लागला तर घटनेने चालणारं सरकार कुठे राहिलं, असा त्यांचा सवाल. मग केंटकी, गुलाम ठेवणारं पण बंडात न गेलेलं राज्य: फ्रेमाँट यांनी खरोखरच मुक्तिपत्रं दिल्याची बातमी येताच तिथल्या स्वयंसेवकांच्या एका अख्ख्या कंपनीने शस्त्रं टाकली. केंटकी गमावणं म्हणजे जवळजवळ सगळा डावच गमावणं. ते गेलं की मिसूरी हातात राहत नाही, मेरीलँडही नाही. हे वाक्य उद्धृत करणारे पुष्कळ, पण त्याच्या आधीचा शेताचा युक्तिवाद वाचणारे थोडे. हेच लिंकन १ जानेवारी १८६३ रोजी, सोळाही महिने झाले नव्हते तेव्हा, लष्करी गरजेच्या आधाराने मुक्तीचा जाहीरनामा काढतात हे ध्यानात घेतलं की पत्राची गोडी वाढते. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका ज्या अमेरिकन सज्जनांना वाहिली, त्यांच्या गोटातला मित्रामित्रांमधला वाद कसा चालायचा हे या दोन पत्रांत दिसतं.

पत्राच्या शेवटी सहज टाकलेली एक ओळ आहे: हर्लबट यांना लिहून राजीनामा द्यायला लावा ना. हर्लबट म्हणजे इलिनॉयचेच एक ब्रिगेडियर जनरल. घटनेवरचं व्याख्यान संपलं की लगेच घरचं राजकारण. निवडक पत्रांच्या संग्रहात अशा ओळी गळतात, मूळ मजकुरात टिकतात.

ब्राउनिंग गप्प बसले नाहीत. ३० सप्टेंबरला त्यांनी लांबलचक उत्तर दिलं, ते परत आवक दफ्तरात आहे. जाहीरनाम्याला जप्तीच्या कायद्याचा नव्हे, युद्धाच्या नियमांचा आधार आहे, असा त्यांचा रोख. गंमत अशी की पुढच्याच वर्षी ते दुसऱ्या जप्ती कायद्याच्या आणि मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या विरोधात उभे राहिले. एकच पत्र वाचून त्यांना जहाल ठरवाल तर फसाल.

तारखांकडे पुन्हा एकदा पाहा: १७ ला लिहिलेलं २२ ला हातात, २२ च्या उत्तराला जवाब ३० ला. क्विन्सी ते वॉशिंग्टन टपालाला सुमारे पाच दिवस. त्यामुळे उत्तर शोधताना मूळ तारखेच्या पुढचे पाच ते पंधरा दिवस आधी चाळावेत. त्याहून कामाची खूण म्हणजे काँग्रेसचं अधिवेशन. ते चालू असताना सेनेटर वॉशिंग्टनमध्येच असे. बोलायचं असलं की व्हाइट हाउसमध्ये जाऊन बसे, आणि त्या गप्पांचा कागद होत नसे. ४ जुलै ते ६ ऑगस्ट १८६१ हे खास अधिवेशन, त्यानंतरचं २ डिसेंबरला. मधले चार महिने पत्रांचे. शोधाची चाळणी अशा सुट्ट्यांच्या महिन्यांवर लावली तर निम्मी मेहनत वाचते. अधिवेशनाच्या काळात काही सापडलं नाही म्हणून दोघांचं बिनसलं होतं असा निष्कर्ष काढू नये.

वाचण्याची अडचण खरी आहे. गेल्सबर्गच्या नॉक्स कॉलेजमधल्या लिंकन अभ्यास केंद्राने अनेक पत्रांचा मजकूर टाइप करून त्याला टिपा जोडल्यात, आणि त्या टिपा उत्तम आहेत. कोण कुणाचा मेहुणा, कुणाला कोणत्या पोस्टमास्तरकीची आस, हे तिथेच कळतं. २०१८ पासून लायब्ररीने स्वयंसेवकांकडूनही मजकूर उतरवून घेतला. त्यात टिपा नसतात, आणि अधूनमधून चुका असतात. टाइप केलेला मजकूर नसेल त्या पत्रात शोध फक्त मथळ्यापुरता लागतो, आतल्या शब्दावर लागत नाही. हे साइट ठळकपणे सांगत नाही, आणि ही तिची सगळ्यात मोठी उणीव म्हणावी लागेल.

मोडी वाचणाऱ्यांना यातला बराच त्रास ओळखीचा वाटेल. दोन 'एस' लागोपाठ आले की पहिला लांब काढतात, तो 'एफ'सारखा दिसतो. 'इन्स्ट.' म्हणजे माहे मजकूर, 'अल्ट.' म्हणजे गेला महिना. ऑक्टोबरच्या पत्रातलं '१७ अल्ट.' म्हणजे १७ सप्टेंबर. हे उलटं धरलं की सगळी साखळी महिन्याने सरकते. पातळ कागदावर मागची शाई पुढे उमटते, तिथे हलकी जेपेग प्रत न घेता जड टिफ प्रत उतरवावी आणि मोठी करून वाचावी. मोबाइलवर हे काम करू नये. एकच कागद दुमडून चार पानं केलेली असतात, तेव्हा प्रतिमांच्या क्रमावर विसंबू नका, वाक्य पुढे जुळतं का ते पाहा. आणि शेवटची प्रतिमा कोरी वाटली तरी उघडा. घडीच्या पाठीवर सचिवाने पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकलेली असते, क्वचित खुद्द लिंकन यांचा शेराही सापडतो.

दुसरी चाचणी मिशिगनचे सेनेटर झकॅरिया चँडलर. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्यांनी नेमस्तांच्या नादी लागू नका, ठाम राहा, असा सल्ला धाडला. लिंकन यांचं उत्तर २० नोव्हेंबरचं, म्हणजे गेटिसबर्गच्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशीचं: मागे जाणार नाही इतका ठाम राहीन, पण देशाचं काम मोडेल इतक्या वेगाने पुढेही जाणार नाही. सेनेटरचं पत्र आवकमध्ये, उत्तर बासलर यांच्या सातव्या खंडात. वर सांगितलेली वाट माहीत असेल तर जोडी जुळवायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

तारांचं खातं वेगळं आहे. लिंकन युद्धखात्याच्या तारघरात जाऊन तारा पाठवत, आणि त्यांतल्या पुष्कळशा राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यामुळे पत्रव्यवहार मध्येच तुटलेला दिसला तर आधी बासलर यांच्या खंडात त्या तारखांच्या तारा पाहाव्यात. आणि कुठलंही पान उतरवून घेताना फाइलला लगेच पाठवणारा, घेणारा आणि तारीख असं नाव द्यावं. साइट देते त्या नावात नुसते आकडे असतात, आणि पन्नास पानं झाल्यावर ब्राउनिंग कुठले नि चँडलर कुठले ते कळत नाही.